किती वेळ बोललात?

५ जून

प्रिय मामा,

फोनवर माझं बोलणं तुला ऐकू येत नाही आणि तुझं ओरडणं माझ्या शेजारच्यांनाही ऐकू जातं, म्हणून हे पत्र. मागच्या वेळी मी नोकरी बदलली असं तीनदा सांगितलं आणि तू तिन्ही वेळा "हो, हो, जेवलो" म्हणालास. तर आता कागदावर सांगते, नोकरी बदलली.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणारी एक संस्था आहे. (लगेच नाक मुरडू नकोस, तुला म्हातारा म्हटलेलं नाही.) त्यांच्यासाठी आमच्या ऑफिसात एक ॲप बनतंय. त्या माणसांनी रोज संध्याकाळी मोबाइलवर भरायचं, आज कोणाशी बोललात, किती वेळ बोललात. ज्यांचं बोलणं फारच कमी भरतं त्यांच्याकडे संस्था आठवड्यातून दोनदा माणूस पाठवते, बसायला, गप्पा मारायला. ॲपमध्ये बाकी पुष्कळ काही आहे, पण माझ्या वाट्याला आलीय एकच जागा, 'किती वेळ' लिहायची. हसू नकोस. दोन महिने मी त्या एका जागेवर काम करतेय. कोणी दीड तास लिहितं, कोणी नव्वद मिनिटं. कोणी एक टिंब पाच लिहून ठेवतं, मग ते दीड तास की एक तास पाच मिनिटं हे मशीनला कसं कळणार? एका आजोबांनी नुसतंच 'बराच' लिहिलं. कोणाची अडचण होऊ नये, कोणी वैतागू नये आणि आम्हालाही नीट कळावं, अशी ती जागा आखायची, हे माझं काम.

त्यात मला तुझी मदत हवीय. तुझा फोन साधा, म्हणून ती जागा कागदावर छापून पाठवतेय. दोन रकाने आहेत, मध्ये दोन टिंबं. आधी त्यांच्याखाली 'तास' आणि 'मिनिटं' असं लिहिलं होतं, पण ऑफिसात सगळ्यांचं म्हणणं पडलं की अक्षरं कमी असली की दिसायला बरं दिसतं, म्हणून काढलं. रोजचा एक कागद भर आणि आठवड्याचे एकदम पाकिटात घालून पाठव. नियम दोनच. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि नुसतं शून्य लिहायचं नाही, कारण तसं केलं की आमचं ॲप पुढे सरकत नाही.

सप्टेंबरात माझी सुट्टी आहे. आठ दिवस तुझ्याकडे येईन म्हणतेय. मामी गेल्यापासून तू तिथे एकटा काय करत असशील, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. तू स्वतःबद्दल चकार शब्द लिहीत नाहीस, म्हणून जास्तच काळजी वाटते.

तुझी,
टाचणी


१६ जून

चि. टाचणी हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

कागद पोचले. तुझे रकाने फार बारीक आहेत. सुईत दोरा ओवताना लावतो तो चष्मा लावावा लागला. दोन आकडे बसवायचे तर पेन कसं धरायचं हे म्हाताऱ्या माणसांनी (मी सोडून) कोणाला विचारायचं? पुढच्या वेळी कपड्याच्या शिवणीत आत कापड राखतात तशी थोडी जास्तीची माया ठेव, म्हणजे उसवून मोठं करता येईल.

आठवड्याचे सगळे कागद भरून सोबत जोडले आहेत. एकही रिकामा नाही. 'कोणाशी बोललात' इथे सगळीकडे वॉचमन लिहिलं आहे. आमच्या इमारतीचा वॉचमन नवीन आहे. माणूस नेमाचा. एक दिवस चुकवत नाही. मला मास्तर म्हणतो. शिवणाचं दुकान बंद करून तीन वर्षं झाली, तरी त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

मशीन आता पुढच्या खोलीत आणलं आहे. पँट आखूड करायला, चेन बदलायला कोणी आलंच तर करून देतो. हल्ली सगळे तयार कपडे घेतात, त्यामुळे हाताला आराम आहे.

सप्टेंबरात ये. तुझ्या गादीला नवी खोळ शिवायला घेतली आहे. तू झोपेत पाय झाडतेस म्हणून सगळीकडे दुहेरी शिलाई घालतोय. कापड निळं आहे. आवडलं नाही तर सांगू नकोस.

मामा


२७ जून

मामा,

पाकीट फोडलं आणि दारातच उभी राहून सगळे कागद वाचले. ५:३०, ५:३०, ५:३५, पुन्हा ५:३०. साडेपाच तास? तू? गिऱ्हाइकाशीसुद्धा तोंडात टाचण्या धरून बोलणारा माझा मामा रोज साडेपाच तास गप्पा छाटतो? मामी म्हणायची आठवतं का, ह्यांच्याशी बोलण्यापेक्षा मशीनशी बोललेलं बरं, ते निदान आवाज तरी करतं. तिने हे कागद पाहिले असते तर त्या वॉचमनला घरी बोलावून विचारलं असतं की बाबा, तू नेमकं काय केलंस.

मी डोळ्यांपुढे आणतेय. खाली गेटजवळ दोन खुर्च्या, एकीत तू, एकीत तो, दुपार उलटून गेली तरी तुमचं चालूच. कशाबद्दल बोलता एवढं?

खरं सांगू, माझा जीव भांड्यात पडला. मला वाटत होतं तू दिवसच्या दिवस त्या खोलीत गप्प बसून असशील. ऑफिसातल्या माझ्या वरच्या बाईंना तुझे कागद दाखवले. त्या म्हणाल्या, यांच्याकडे माणूस पाठवायची काही गरज नाही, उलट यांनाच दुसऱ्यांकडे पाठवायला हवं. ऑफिसभर तुझं नाव झालंय.

आता एक सांगायचंय, रागावू नकोस. ॲप लोकांच्या हातात द्यायचं ते नेमकं सप्टेंबरात ठरलं. सुट्टीसाठी भांडायचं मनात होतं. पण आता तुझी तेवढी काळजी वाटत नाही. तुला सोबत आहे, तर मी थोडं उशिरा आले तरी चालेल ना? डिसेंबरात नक्की. नवे कागद पाठवतेय, रकाने मोठे केलेत, जास्तीची माया ठेवून.

टाचणी


८ जुलै

चि. टाचणी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. काम आधी, बाकी सगळं नंतर. डिसेंबर तर डिसेंबर. खोळ शिवून झाली, घडी घालून कपाटात ठेवली आहे. कापड कुठे पळून जात नाही.

दोन खुर्च्यांचं वाचून हसू आलं. असो.

तू मला विचारतेस, तुला कोण विचारतं? तू पाठवलेल्या कागदांपैकी चार कोरे परत पाठवतोय. ते तू भर आणि मला पाठव.

मामा


२० जुलै

मामा,

तू वस्ताद आहेस. घे, चारही भरून पाठवतेय. ७:००, ६:३०, ७:१५, ७:००. तुझ्यावर ताण. मी घरूनच काम करते. सकाळपासून कानात हेडफोन, एक मीटिंग संपली की दुसरी, पाणी प्यायला उठायचं तरी चोरून. बोलून बोलून दमते.

खोली छान आहे. टेबल खिडकीशी लावलंय. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, त्यामुळे ऊन येत नाही आणि पडदे लावायचा खर्चही वाचतो. कुंडीत एक झाड आणलंय. ते वाढतंय की नाही ते कळत नाही, पण हिरवं आहे.

तुझे कागद वेळेवर येतात, त्याचं बाईंना फार कौतुक आहे. असाच भरत राहा. वॉचमनला माझा नमस्कार सांग.

टाचणी


२५ ऑगस्ट

चि. टाचणी,

पत्राला उशीर झाला. तब्येत ठणठणीत आहे, लगेच फोन करू नकोस, ऐकू येणार नाही.

वॉचमन पंधरा दिवस रजेवर होता. बदलीला जो आला तो वर येतच नाही, खालीच बसून असतो. म्हणून त्या दिवसांचे कागद पाठवलेले नाहीत. शून्य लिहायचं नाही आणि रिकामंही सोडायचं नाही, मग कागदच ठेवून दिले. तुमच्या ॲपचा खोळंबा व्हायला नको. आता तो परत आला आहे आणि कागद पुन्हा सुरू झाले आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुझ्या रकान्यात मिनिटाच्या खालचं काही लिहिता येतं का? सहज विचारतोय. दुसरं, त्या मीटिंगांमध्ये तू बोलतेस की नुसती ऐकतेस? दोन्हींत फरक आहे, हे बहिऱ्या माणसाला जास्त कळतं.

झाडाला कुठूनतरी ऊन दाखव.

मामा


१० सप्टेंबर

मामा,

आज मीटिंगमध्ये एक किस्सा गंमत म्हणून सांगितला गेला. ॲप थोड्या लोकांना वापरून बघायला दिलंय. त्यात एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्या रोज ८:४५ भरतात. रोज पावणेनऊ तास बोलणाऱ्या बाईंकडे संस्था कशाला माणूस पाठवेल, नाही पाठवला. शेवटी त्यांच्या मुलाने फोन करून विचारलं की माझ्या आईकडे कोणीच कसं येत नाही. मग उलगडा झाला. पावणेनऊ वाजता कचऱ्याची गाडी येते. गाडीवाली बाई हाक मारते, या डबा देतात, तेवढंच त्यांचं दिवसभराचं बोलणं. त्यांनी घड्याळातली वेळ लिहिली होती. दोन रकाने आणि मध्ये दोन टिंबं दिसल्यावर दुसरं काय लिहिणार कोणी?

सगळे हसले. मीही हसले. आणि मग हसू तोंडातच राहिलं.

मीटिंग तशीच सोडली आणि ड्रॉवरमधून तुझे कागद काढून जमिनीवर मांडले. कधी साडेपाच, कधी पाच पस्तीस. एकदाही चार नाही, एकदाही सात नाही. कोण माणूस असा मापून साडेपाच तास गप्पा मारतो? इतके दिवस मी डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते, कारण तसं मानलं की मला बरं वाटत होतं.

तुझ्या दुकानातली चिठ्ठी आठवली. शिवून झालेल्या प्रत्येक कपड्याला लावलेली. वर गिऱ्हाइकाचं नाव, आणि खाली कोपऱ्यात, मध्ये दोन टिंबं देऊन, ते किती वाजता न्यायला येणार ती वेळ. शाळेतून आले की त्या चिठ्ठ्या मीच टाचायचे, त्यावरून तर तू हे नाव ठेवलंस. जन्मभर तू त्या जागी वेळ लिहीत आलास आणि मी तश्शीच जागा छापून तुला पाठवली. वर तास-मिनिटं हे शब्दही काढून टाकले, दिसायला बरं दिसावं म्हणून. हे दुसऱ्या कोणाच्या नाही तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मामा, खरं सांग. साडेपाच वाजता काय होतं? आणि किती वेळ होतं?

तू खरं सांगावंस म्हणून मी आधी सांगते. मी मीटिंगमध्ये सात तास असते, पण माझा माईक बंद असतो. माझी पाळी आली की "माझ्याकडून काही नाही" म्हणते आणि परत बंद करते. गेल्या शुक्रवारी मी दिवसभरात फक्त एका माणसाशी बोलले. पार्सल घेऊन आला होता, त्याला आतूनच म्हटलं, दाराशी ठेवा. तो गेल्यावर वाटलं, दार उघडायला हवं होतं.

टाचणी


२१ सप्टेंबर

टाचणी,

साडेपाचला वॉचमन जिन्यातला दिवा लावायला वर येतो. बटण माझ्या दाराशेजारी आहे. त्या सुमाराला मी दार उघडं ठेवतो आणि दाराकडे तोंड करून बसतो. तो बटण दाबतो, आत बघतो आणि विचारतो, "आहात ना मास्तर?" मी म्हणतो, "आहे." मग तो वरच्या मजल्यावर जातो. झालं. तुझ्या रकान्यात न मावण्याइतकंच आहे ते.

पाच पस्तीस लिहिलं त्या दिवशी त्याला उशीर झाला होता. मी जिन्यात येऊन उभा होतो.

खरं तर त्याचं बोलणं मला ऐकू येतं असंही नाही. ओठ हलतात, आणि काय म्हणतो ते मला आता माहीत झालंय. म्हणून ते एवढं सोपं जातं. बाकीच्यांचं बोलणं समजायला दोनदा विचारावं लागतं. दुसऱ्यांदा लोक मोठ्याने सांगतात, तिसऱ्यांदा हाताने 'जाऊ दे' म्हणतात. मग मीच विचारणं सोडलं. तुझी मामी दोघांच्या वाटचं बोलायची. भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी, गिऱ्हाइकांशी सगळं तीच. मी मान खाली घालून मशीन चालवायचो आणि मला वाटायचं मीही त्या गप्पांत आहे. ती गेल्यावर लक्षात आलं की ते सगळे लोक तिच्याशी बोलत होते.

पहिल्या आठवड्याचे कागद मी चुकून तसे भरले. तुझं पत्र आलं तेव्हा चूक कळली. लगेच लिहायला बसलो होतो, की बाई गं, हे साडेपाच तास नव्हेत. पण तू लिहिलं होतंस की जीव भांड्यात पडला. म्हटलं, पडलाय तर राहू दे, तो पुन्हा बाहेर कशाला काढायचा. पुढचे सगळे कागद मी समजून उमजून तसेच भरले. तुझी सुट्टी हुकली त्याचं वाईट वाटलं, पण तू ऑफिसात माझं नाव झालं म्हणून लिहिलंस, तेही बरं वाटलं. वॉचमन गावी गेला तेव्हा मात्र पंधरा दिवस दार उघडून बसलो आणि खोटं लिहायला हात उचलला नाही.

मला एकटं वाटतं. फार वाटतं. हे एकदा लिहिलं आहे, परत लिहायला लावू नकोस.

पार्सलवाल्याचं वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. मला वाटत होतं माझं पोर तिकडे माणसांत आहे, मीच एकटा आहे, तर निदान एकाचं तरी ठीक चाललंय. तू तरी माझ्यासारखी होऊ नकोस गं. दार उघडत जा.

मामा


३० सप्टेंबर

मामा,

तुझं पत्र वाचून रडले. मग तोंड धुतलं आणि मीटिंगमध्ये माईक चालू केला. माझा आवाज इतक्या दिवसांनी ऐकून दोघांनी विचारलं की कोण बोलतंय.

तास आणि मिनिटं हे शब्द रकान्यांखाली परत आले. शून्य लिहायला आता मोकळीक आहे. आणि खाली दोन नव्या ओळी घालायला लावल्या, ज्यांच्यावर नुसतं बोट टेकवलं की झालं. एक, 'मिनिटभरही नाही'. दुसरी, 'आज कोणाशीच बोलणं झालं नाही'. बाई म्हणाल्या, असं स्वतःहून कोण कबूल करेल? मी म्हटलं, विचारून तर बघू. पहिल्या दोनच दिवसांत संस्थेकडे पाठवायला माणसं पुरेनात. नर्सबाईंकडे आता मंगळवारी आणि शनिवारी एक जण जातो. त्याची तक्रार आहे की बाई त्याला उठू देत नाहीत.

तुझ्याकडे मी येतेय. चौदा ऑक्टोबरला, दुपारच्या गाडीने, पाचच्या आत घरी. सुट्टी मागितली नाही. माझं काम खिडकीसमोरच्या भिंतीकडे बघत होतं, तसं ते तुझ्या मशीनकडे बघतही होईल. हे इतके महिने माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याचंच मला नवल वाटतंय. बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या इंटरनेट असलं की झालं.

एक शेवटचा कागद पाठवतेय, तेवढा भरून दे. वर लिहिलंय 'मी किती दिवस राहू?' आणि खाली एकच मोठा रकाना आहे. संकोच करू नकोस, तुला झेपेल तेवढंच लिही. तुझ्या घरात तुला शांतता लागते हे मला माहीत आहे.

टाचणी


६ ऑक्टोबर

चि. टाचणी,

कागद परत पाठवतोय. रकाना रिकामा आहे. रिकामा सोडायचा नाही हा तुझा नियम मला पाठ आहे, त्यामुळे विसरलो असं समजू नकोस.

खोळ कपाटातून काढून गादीला घातली. पुढच्या खोलीत मशीन सरकवून तुझ्या टेबलाची जागा केली आहे. तिथे सकाळी ऊन येतं, झाड घेऊन ये. शेजाऱ्यांच्या पोराला इंटरनेटचं विचारायला गेलो होतो. तीनदा विचारावं लागलं, पण विचारलं.

त्या दिवशीही साडेपाचला दार उघडं असेल. वॉचमन दिवा लावेल आणि विचारेल. या वेळी उत्तर तू दे. जरा मोठ्याने दे, म्हणजे मलाही ऐकू येईल.

मामा